ग्रहणाकडे पाहण्याचा अधिकार

(एका व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानाने निसर्गाचे सौंदर्य वाढते की नाहीसे होते, हा आजचा प्रश्न आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. विधी महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर माझी उमेदीची वर्षे न्यायालयात गेली. तेव्हा या प्रश्नाचा विचार मी वकिलाच्या रीतीनेच करणार. प्रथम आरोप काय आहे तो त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडावयाचा, मग पुरावा तपासावयाचा, आणि निवाडा तुमच्या विवेकबुद्धीवर सोपवावयाचा, असा माझा क्रम आहे.

आरोप असा आहे. विज्ञान रुक्ष आहे. ते फुलाच्या पाकळ्या मोजते, पण फुलाचा सुगंध त्याला कळत नाही. चंद्र म्हणजे दगडमातीचा गोळा असे त्याने एकदा सांगितले की चंद्रावरची सारी गाणी मुकी होतात. हा आरोप नवा नाही. २८ डिसेंबर १८१७ रोजी लंडनमध्ये हेडन नावाच्या चित्रकाराच्या घरी मेजवानी होती. कीट्स हा कवी आणि चार्ल्स लँब हा निबंधकार त्या पंक्तीला होते. न्यूटनने इंद्रधनुष्याचे रंग काचेच्या लोलकातून काढून दाखविले आणि त्यातील काव्य घालविले, अशी तक्रार त्यांनी त्या रात्री हसतखेळत केली. आपल्याकडेही "प्रत्येक गोष्टीचे कारण विचारू नये, त्याने गोडी जाते" असे म्हणणारे सुशिक्षित लोक थोडे नाहीत.

हा आरोप खरा ठरावयाचा असेल तर एक गोष्ट सिद्ध झाली पाहिजे. ती ही की, कारण न जाणणाऱ्या मनुष्याला निसर्ग अधिक सुंदर दिसतो आणि कारण जाणणाऱ्याला तो कमी सुंदर दिसतो. याची परीक्षा पाहण्यासाठी मी ग्रहणाचे उदाहरण घेतो. याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, खग्रास सूर्यग्रहणाइतके भव्य दृश्य आकाशात दुसरे नाही. दुसरे असे की, ग्रहणाशी आपल्या समाजाचा फार जुना संबंध आहे, आणि तो संबंध सौंदर्याचा नव्हता.

दे दान, सुटे गिराण

तुमच्यापैकी वयोवृद्धांना ही आरोळी आठवत असेल. ग्रहण लागले की मांग आणि महार वस्तीतली माणसे टोपल्या, फाटकी धोतरे घेऊन गावात फिरत आणि 'दे दान, सुटे गिराण' असे ओरडत. सूर्याला अगर चंद्राला राहूने गिळले आहे, राहू हा अस्पृश्य जातीचा आहे, त्याच्या जातभाईंना दान दिले म्हणजे तो संतुष्ट होऊन ग्रास सोडतो, अशी गावाची समजूत होती. मग घराच्या दारातून मूठभर धान्य, जुने लुगडे, फुटके भांडे टाकले जाई. गावाने त्या दिवशी स्नान करावे आणि शुद्ध व्हावे. आपण त्याच दिवशी हात पसरावा आणि आपला हलकेपणा पुन्हा एकवार सिद्ध करावा. आकाशात एक सावली पडली आणि तिने जमिनीवर प्रत्येकाची पायरी ठरवून दिली!

माझी आजी लहान असताना आपल्या आईचा पदर धरून या फेरीत गेली होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे तुकडे मागणे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे बजावले. तो विचार खेड्यापाड्यांत पोहोचला तसतशी ही फेरीही अनेक गावी बंद पडली. आमच्या घरी ती १९५६ च्या धर्मांतराआधीच सुटली होती. परंतु एक गोष्ट मी पाहिली आहे. दान मागणे सुटले तरी ग्रहणाची भीती सुटली नव्हती. ग्रहण लागले की आजी दाराला कडी घाली, पाण्याचा हंडा झाकी, आणि मुलांना आत कोंडून ठेवी.

आता आरोप करणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असा आहे. कारण न जाणणाऱ्या त्या गावात ग्रहणाचे सौंदर्य कोणी पाहिले? ज्याने दार लावून घेतले त्याने पाहिले नाही. जो नदीत डोळे मिटून जप करीत होता त्यानेही पाहिले नाही. जो टोपली घेऊन दारोदार फिरत होता त्याची नजर उंबऱ्यावर होती, आकाशाकडे नव्हती. अज्ञानाने सौंदर्य राखले असे म्हणावे तर त्या सौंदर्याचा एकही साक्षीदार सापडत नाही. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यातून खग्रास सूर्यग्रहण गेले. तोवर मनुष्य चंद्रावर जाऊन आला होता. तरी त्या दुपारी आपल्या देशातील मोठमोठ्या शहरांचे रस्ते ओस पडले होते. ज्या दृश्यासाठी परदेशातील लोक समुद्र ओलांडून येथे आले, त्या दृश्याकडे आपल्याच लोकांनी पाठ फिरविली.

जे जाणत होते त्यांचे काय?

यावर कोणी म्हणेल की, त्या काळी लोकांना माहीत नव्हते, त्यांना दोष कसा द्यावा? हा युक्तिवाद कागदपत्रांपुढे टिकत नाही. आर्यभटाने आपला ग्रंथ इसवी सन ४९९ मध्ये रचला. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, हे त्याने त्यात स्वच्छ सांगितले आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने राहू हे ग्रहणाचे कारण नव्हे असे लिहिले. म्हणजे सत्य या देशात पंधराशे वर्षांपूर्वी नोंदले गेले होते.

मग पुढे काय झाले? इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपला सिद्धांतग्रंथ लिहिला. तो अव्वल दर्जाचा गणिती होता. ग्रहणाचे गणित त्याने सावलीच्याच आधाराने केले. परंतु राहू नाकारणे हे वेद व स्मृती यांच्या विरुद्ध आहे, असे सांगून त्याने आर्यभट आणि वराहमिहिर यांना दोष दिला. सुमारे १०३० साली अल्‌बेरूणी या परदेशी विद्वानाने भारतावर ग्रंथ लिहिला, त्यात ही विसंगती त्याने नेमकी पकडली आहे. ब्रह्मगुप्ताने हे स्वतःच्या बुद्धीविरुद्ध, लोकभयाने लिहिले असावे, असा त्याचा तर्क आहे, आणि तेथे त्याला सॉक्रेटिसाची आठवण होते.

ही विसंगती आजही पंचांगाच्या पानावर पाहावयास मिळते. स्पर्श किती वाजता, मध्य किती वाजता, मोक्ष किती वाजता हे जे आकडे छापलेले असतात ते सावलीच्या गणितातून आलेले असतात. राहूच्या भुकेवरून ते कोणालाही काढता येणार नाहीत. आणि त्याच आकड्यांच्या खाली वेध, स्नान आणि दान यांचे नियम छापलेले असतात. गणित करणाऱ्याने सत्य आपल्यापाशी ठेवले आणि लोकांना भय दिले. न्यायालयात एखाद्या पक्षकाराने खरा दस्तऐवज दडवून खोटा पुढे केला तर त्याला आपण काय म्हणतो, हे मी तुम्हांला सांगावयास नको.

येथे प्रामाणिकपणाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पाली वाङ्मयातही, संयुत्त निकायातील चंदिम सुत्त आणि सुरिय सुत्त यांत, राहू चंद्रसूर्यांना धरतो अशी कथा आली आहे. ती त्या काळच्या लोकांच्या भाषेत आली आहे. ती ग्रहणाची उपपत्ती म्हणून धरून बसण्याचे आपल्यावर बंधन नाही. केवळ परंपरा आहे म्हणून अगर ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण इतरांना ऐकवितो. ती आपल्या ग्रंथांनाही लागू केली तरच ऐकविण्याचा आपल्याला अधिकार राहतो.

सावलीचे गणित

आता पुराव्याची दुसरी बाजू पाहू. कारण कळल्यावर ग्रहणात काय दिसू लागते?

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे; चंद्राचा केवळ ३,४७४ किलोमीटर. म्हणजे सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आहे. परंतु चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर आहे आणि सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरांवर. म्हणजे तो जवळजवळ चारशे पटच दूर आहे. यामुळे आकाशात दोघांची बिंबे जवळजवळ सारखी दिसतात. म्हणूनच चंद्र सूर्याला बेताबेताने झाकू शकतो. तो किंचित जवळ असेल तर ग्रहण खग्रास होते. किंचित दूर असेल तर सूर्याची कड उरते आणि कंकणाकृती ग्रहण दिसते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही. या दोन पातळ्या जेथे एकमेकींना छेदतात त्या दोन बिंदूंनाच ज्योतिर्गणितात राहू आणि केतू ही नावे राहिली आहेत. राक्षसाचे एवढेच उरले : आकाशातील दोन बिंदू, ज्यांना तोंडही नाही आणि जातही नाही.

पुढची गोष्ट अधिक आश्चर्यकारक आहे. १९६९ साली अपोलो यानातून गेलेल्या मनुष्यांनी चंद्रावर आरसे ठेवले. त्यांवर पृथ्वीवरून लेसर किरण टाकून चंद्राचे अंतर मोजले जाते. त्यावरून असे दिसून आले की, चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने आपल्यापासून दूर जात आहे. याचा अर्थ असा की, सुमारे ६० कोटी वर्षांनंतर तो सूर्याला पूर्ण झाकू शकणार नाही आणि खग्रास सूर्यग्रहण पृथ्वीवरून कायमचे नाहीसे होईल. ज्या काळात ही दोन बिंबे अशी जुळतात, त्या काळात डोळे आणि बुद्धी घेऊन आपण जन्मलो आहोत. हे ज्याला ठाऊक आहे तो ग्रहणाच्या वेळी दार लावून घेईल काय?

ग्रहण समजण्यासाठी पैसा लागत नाही, दुर्बीण लागत नाही. एखाद्या झाडाखाली उभे राहा. पानांच्या बारीक फटींतून उन्हाचे जे ठिपके जमिनीवर पडतात ते रोज गोल असतात. पुष्कळांना वाटते की फटी गोल आहेत म्हणून ठिपके गोल आहेत. तसे नाही. प्रत्येक ठिपका हे सूर्याचे चित्र आहे. सूर्य गोल म्हणून ते गोल. खंडग्रास ग्रहण लागले की त्याच फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी उमटतात. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी आमच्या अंगणातील लिंबाखाली हे मी पाहिले. एका शिक्षकांनी आम्हां मुलांना आधी समजावून सांगितले होते. आजी उंबऱ्यापर्यंत आली, मग अंगणात उतरली, आणि आपल्या लुगड्यावर पडलेल्या त्या कोरी तिने तळहातावर घेऊन पाहिल्या. दुसऱ्या दिवशी साधे ऊन पडले तेव्हा तिने गोल ठिपक्यांकडे बोट दाखवून विचारले, "मग हे बी सूर्यच का?" ग्रहण सुटले, परंतु त्या दिवसापासून तिच्या अंगणात रोज शेकडो सूर्य पडू लागले. कारण कळल्याने गोडी जाते असे म्हणणाऱ्यांनी या साक्षीची उलटतपासणी खुशाल करावी.

लाल चंद्राचे रहस्य

चंद्रग्रहणाची कथा अशीच आहे. पृथ्वीच्या सावलीत पूर्ण गेलेला चंद्र काळा न होता तांब्यासारखा लाल होतो. जुन्या समजुतीप्रमाणे हे रक्त, हा अपशकुन. विज्ञान काय सांगते? सूर्याचा प्रकाश पृथ्वीभोवतालच्या हवेतून जाताना किंचित वाकतो आणि सावलीच्या आत शिरतो. त्यातील निळा प्रकाश हवेत विखुरला जातो, तांबडा उरतो. सूर्योदयी व सूर्यास्ती क्षितिज तांबडे दिसते तेही याच कारणाने. म्हणून त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जेथे जेथे पहाट होत आहे आणि जेथे जेथे संध्याकाळ होत आहे, त्या सर्व ठिकाणांचा तांबडा प्रकाश एकत्र होऊन चंद्रावर पडतो. कोणत्याही एका गावाची, एका देशाची ती संध्याकाळ नव्हे. साऱ्या पृथ्वीची पहाट आणि साऱ्या पृथ्वीची संध्याकाळ आपण चंद्राच्या आरशात पाहत असतो. हे जाणल्यावर तो लाल चंद्र अधिक सुंदर दिसतो की कमी?

एवढेच नव्हे, तर त्या लालीवरून पृथ्वीच्या हवेची प्रकृती समजते. १९९१ साली फिलिपाइन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याची सूक्ष्म धूळ वातावरणात उंच पसरली. डिसेंबर १९९२ च्या खग्रास चंद्रग्रहणात चंद्र नेहमीपेक्षा फार काळवंडलेला दिसला, तो त्यामुळे. आपल्या हवेत काय मिसळले आहे याची साक्ष चंद्र देतो.

सूर्याच्या काठावरील पुरावा

खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची सावली ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीवरून धावत येते. शेवटच्या क्षणी चंद्राच्या कडेवरील दऱ्यांतून सूर्यप्रकाशाचे मणी चमकतात. एकच मणी उरला म्हणजे हिऱ्याची अंगठी दिसते. मग काळ्या बिंबाभोवती सूर्याचे शुभ्र किरीट पसरते आणि कडेला गुलाबी-तांबड्या ज्वाला दिसतात. हे सारे फार तर साडेसात मिनिटे टिकते. बहुधा त्याहून पुष्कळ कमी.

या थोड्या मिनिटांत मनुष्याने सूर्याकडून किती कबुलीजबाब घेतले ते पाहा, आणि त्यांतील पुष्कळ आपल्याच भूमीवर घेतले गेले. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातील गुंटूर येथे होता. वर्णपटदर्शकातून त्याला त्या तांबड्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्या तापलेल्या वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या, आहेत हे ठरले. रेषा इतक्या ठळक होत्या की, दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पुन्हा पाहिल्या. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये लॉकियर याने स्वतंत्रपणे हेच साधले. ज्वालांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा होती. ती प्रथम सोडियमची समजली गेली, पण ती सोडियमच्या जागेवर बसेना. ती पृथ्वीवर कोणालाही ठाऊक नसलेल्या मूलद्रव्याची आहे असा निष्कर्ष निघाला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. १८९५ साली रॅम्झे याला हेलियम पृथ्वीवरील एका खनिजात सापडला. एक द्रव्य आधी सूर्यावर सापडले आणि सत्तावीस वर्षांनी पायाखाली!

आपल्याकडे सांगितले जाते की, लॉकियरने १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, आणि 'साहेबाचे ओटे' त्याची साक्ष म्हणून दाखविले जातात. अभिमानालाही पुरावा लागतो. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होता. तो विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या ग्रहणाची खरी अभिमानाची गोष्ट दुसरीच आहे. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी त्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन किरीटाचे वेध घेतले. ग्रहणाकडे पाहू नये असे सांगणाऱ्या देशातील एक मनुष्य आपली उपकरणे घेऊन ग्रहणाकडे पाहत उभा होता.

सूर्याच्या या तांबड्या थराला वर्णगोल म्हणतात. त्याच्या प्रकाशाचा अर्थ १९२० साली ज्याने लावला त्याचे नाव मेघनाद साहा. डाक्क्याजवळच्या सेवडातली खेड्यात एका किरकोळ वाणसामानाच्या दुकानदाराच्या घरी १८९३ साली त्यांचा जन्म झाला. ज्या जातीत ते जन्मले तिला उच्चवर्णीय हलकी मानीत. कलकत्त्यात शिकत असताना वसतिगृहातील काही विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर एका पंक्तीला बसून जेवण्यास हरकत घेतली. त्याच साहांनी, सूर्याच्या वर्णगोलातील अणूंतून इलेक्ट्रॉन का निसटतात हे तापमान आणि दाब यांच्या एका समीकरणाने दाखवून दिले. त्या समीकरणाच्या साहाय्याने ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान ठरविता येऊ लागले. ज्याला पंक्तीतून उठवू पाहिले, त्याच्या समीकरणाशिवाय आज जगातील कोणत्याही विद्यापीठात ताऱ्यांचा अभ्यास पुरा होत नाही. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून आले.

किरीटाचे रहस्य आणखी खोल निघाले. १८६९ च्या ग्रहणात त्याच्या प्रकाशात एक हिरवी रेषा दिसली. तीही नव्या द्रव्याची असावी असे सत्तर वर्षे वाटत होते. १९४० च्या सुमारास सिद्ध झाले की, ती आपल्या विळ्याकोयत्यातल्या लोखंडाचीच आहे. मात्र त्या लोखंडाच्या अणूंतून तेरा इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत. त्यासाठी दहा लाख अंशांहून अधिक तापमान हवे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा असताना त्याच्या वरची विरळ हवा इतकी तापते कशी, याचा शोध अजून चालू आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले आदित्य एल-१ हे यान जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर पोहोचले. त्यातील एका दुर्बिणीत सूर्यबिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडविले जाते आणि ती हिरवी रेषा अभ्यासिली जाते. तेव्हा विज्ञानाने आश्चर्य संपविले हा आरोप टिकत नाही. एका कोड्याचे उत्तर दिले तेव्हा त्याच्या मागचे मोठे कोडे त्याने आपल्यापुढे ठेवले.

भयाचा खटला

हा विचार केवळ रसिकतेचा असता तर मी तुमचा इतका वेळ घेतला नसता. या प्रश्नात जिवंत माणसे गुंतलेली आहेत. आजही अनेक घरांत गर्भवती स्त्रीला ग्रहणकाळी तासन्‌तास हालचाल न करता बसविले जाते. तिने चिरू नये, शिवू नये, खाऊ नये, पाणी पिऊ नये. पुढे मूल दुभंगलेल्या ओठाचे जन्मले तर 'ग्रहणात विळी धरली असशील' असा आरोप त्या आईवर येतो, आणि ती तो जन्मभर वाहते.

या आरोपाला पुरावा काय? गर्भाचा ओठ घडतो तो गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत. पुष्कळदा स्त्रीला आपण गर्भवती आहोत हे तोवर नीट कळलेलेही नसते. ओठ न जुळण्याची कारणे आनुवंशिक असतात, काही औषधांशी, धूम्रपानाशी, पोषणाशी निगडित असतात. सावलीशी त्यांचा संबंध नाही. चंद्राची सावली ढगाच्या सावलीहून वेगळी नव्हे. असे मूल शस्त्रक्रियेने बरे होते. त्याला वैद्याकडे न्यावयाचे, आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे नाही.

भय कोठे बाळगावे हेही विज्ञानच सांगते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. ग्रहणात सूर्य काही नवे विष ओकतो म्हणून नव्हे. तो रोज असतो तसाच असतो. एरवी त्याच्या तेजाने डोळे आपोआप मिटतात; ग्रहणात तेज कमी झाल्याने मनुष्य टक लावून पाहतो आणि नेत्रपटल भाजते. नेत्रपटलाला वेदना होत नाही, म्हणून इजा झाल्याचे तेव्हा कळत नाही. प्रमाणित ग्रहणचष्म्यातून पाहावे, अगर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून सूर्याचे चित्र कागदावर घ्यावे. साधा काळा चष्मा, क्ष-किरणाची फिल्म, काजळी धरलेली काच यांवर विसंबू नये. चंद्रग्रहण मात्र उघड्या डोळ्यांनी कितीही वेळ पाहावे.

भारतीय राज्यघटनेच्या ५१-अ या अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि चौकसपणा व सुधारणावाद यांची जोपासना करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते आले. कायद्याचा विद्यार्थी या नात्याने मी असे म्हणेन की, हे कर्तव्य आपल्या बाबतीत एक अधिकारही आहे. ज्यांना शतकानुशतके ग्रंथाला हात लावू दिला नाही, ज्यांना आकाशातील प्रत्येक घटनेचा अर्थ दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा आणि 'असे का?' म्हणून विचारण्याचा हा अधिकार आहे. कोणताही अधिकार न वापरता ठेवला तर तो कागदावरच राहतो.

म्हणून माझी तुम्हांला विनंती अशी आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तान या भागांतून मोठे खग्रास सूर्यग्रहण जाईल. त्याचा खंडग्रास भाग महाराष्ट्रातून दिसेल. ते दिवस पावसाचे आहेत. ढग आले तर दुसरे ग्रहण येईलच, गणित त्याची तारीख आजच सांगते. त्या दिवशी विहाराचे अंगण उघडे ठेवा. मुलांना ग्रहणचष्मे आणून द्या. एक पुठ्ठा, एक टाचणी आणि एक पांढरा कागद प्रत्येक घरी असावा. गर्भवती सुनेला पोटभर जेवू घाला आणि तिला कोर पाहावयाची असेल तर अंगणात बसावयास पाट द्या. म्हाताऱ्या माणसांना झाडाखाली नेऊन जमिनीवरच्या चंद्रकोरी दाखवा, आणि त्या तशा का पडल्या हे घरातील मुलीने अगर मुलाने त्यांना समजावून सांगावे.

पूर्वी आपण गिराण सुटावे म्हणून दान मागत फिरलो. सूर्याचे ग्रहण कोणाच्याही दानाने सुटत नाही. चंद्र पुढे सरकला की ते सुटते. माणसाच्या मनावरचे ग्रहण मात्र आपोआप सुटत नाही. ते सोडविण्याचे काम आपले आहे, आणि त्यासाठी कोणापुढेही हात पसरावा लागत नाही.